रात्रपाळीची नोंद

प्रत्येक भाषेने एखादं गाव वेडाच्या नावे करून टाकलेलं असतं. हिंदीत माणसाला आग्र्याला नाहीतर रांचीला पाठवतात, तमिळमध्ये कीळपाक्कमला, मल्याळममध्ये कुतिरवट्टमला, तेलुगूत एर्रागड्ड्याला. मराठीत मुंबईकडचे लोक ठाण्याला पाठवतात, पुण्याचे येरवड्याला. येरवड्यात तुरुंगही आहे, त्यामुळे तिथे पाठवण्याचे दोन अर्थ होतात. ते एकमेकांपासून फार लांब नव्हते, हे पुढे येईलच. आम्ही रायपूरचे मराठी, तात्यापाऱ्यातले. आमच्या घरात 'नागपूरला ठेवलंय' म्हणजे शिकायला ठेवलंय असाही अर्थ होत असे, पण एका व्यक्तीच्या बाबतीत तो तसा नव्हता.

ती व्यक्ती म्हणजे माझ्या आजीची धाकटी जाऊ. मी तिला पाहिलेलं नाही. घरात तिचा उल्लेख काकीआजी असा व्हायचा, तोही क्वचित. दुसरं मूल गेल्यानंतर ती रात्रीची उठून परसातल्या विहिरीकडे चालायला लागली. विहिरीवर झापड बसवून झालं, दाराला कडी घालून झाली. शेवटी पणजी तिला रात्री जुन्या लुगड्याच्या पट्टीने खाटेला बांधून ठेवू लागली. आजी मला ते सांगायची तेव्हा तिचा सगळा भर गाठीवर असे. वळ उठणार नाही इतकी सैल, आणि हात निसटणार नाही इतकी घट्ट. पणजी रात्रीतून दोनदा उठून गाठ चाचपून बघायची, काकीआजीच्या तोंडाला पाणी लावायची आणि पुन्हा आडवी व्हायची. सहा-सात महिने हे चाललं. मग पणजीच आजारी पडली आणि काकीआजीला गाडीत बसवून नागपूरला नेलं. गाठ तपासणारं माणूस उरलं नाही, हे त्यामागचं खरं कारण. घरात मात्र 'आजार वाढला' असंच सांगितलं गेलं.

तीनेक वर्षांपूर्वी मी एका संस्थेसाठी एक पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणि हिंदीत आणत होते, तेव्हा ही गाठ पुन्हा आठवली. मनोरुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी ती पुस्तिका होती. संमती, गोपनीयता, रुग्णाचे हक्क अशी प्रकरणं, आणि शेवटी काही प्रसंग देऊन विचारलेलं: तुम्ही काय कराल? एक प्रसंग असा होता. रात्रीचे दोन वाजलेत. वॉर्डात चाळीस बायका, एक सिस्टर, एक मावशी. एक पेशंट भिंतीवर डोकं आपटते आहे. डॉक्टर दुसऱ्या इमारतीत अडकलेत. केसपेपरवर जादा इंजेक्शनचा आदेश नाही. मावशी म्हणते, बांधूया. त्याखाली उत्तरासाठी तीन ओळी रिकाम्या सोडलेल्या.

रिकाम्या ओळींचा अनुवाद करावा लागत नाही. तरी मी तिथेच अडकले. मूळ इंग्रजीत जो शब्द होता त्याला सरकारी मराठीत 'शारीरिक निर्बंध' म्हणतात. वाक्य व्याकरणशुद्ध होतं: रुग्णावर शारीरिक निर्बंध घालण्यात यावेत किंवा कसे. वॉर्डात हा शब्द कोणीही उच्चारत नाही. तिथे 'रेस्ट्रेन केलं' म्हणतात किंवा सरळ 'बांधलं'. निर्बंध घालण्यात येतात. ते कोण घालतं हे वाक्यात सांगावं लागत नाही. बांधायला मात्र दोन हात लागतात. या हातांविषयी काय लिहून ठेवलेलं आहे, हे शोधायला मी त्यानंतर लागले. हा लेख त्या शोधाचाच आहे.

सुरुवात आमच्याच प्रांतापासून केली. छत्तीसगढ मराठ्यांच्या ताब्यात आलं अठराव्या शतकात. बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले आणि त्यांच्या मागोमाग जी मराठी घराणी आली त्यांच्यातली काही अजून इथे आहेत. १८५४ साली भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ साली मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. तिथे १८६४ साली वेड्यांचं इस्पितळ निघालं. ते आजही छिंदवाडा रस्त्यावर आहे, आणि जवळच्या चौकाला नागपूरकर अजून पागलखाना चौक म्हणतात. रायपूरच्या माणसाला वेड लागलं तर तो नागपूरला जाणार, हे तेव्हा ठरलं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिलो. आता आमचं सरकारी मनोरुग्णालय कागदोपत्री ग्वाल्हेरला नाहीतर इंदूरला. छत्तीसगढ राज्य २००० साली झालं तेव्हा राज्यात एकही मनोरुग्णालय नव्हतं. बिलासपूरजवळ सेंदरीला ते नंतर उभं राहिलं. मधल्या काळात ज्यांना जमलं ते जुन्या सवयीने नागपूरचीच गाडी पकडत राहिले. राज्याच्या सीमा हलल्या तरी घरातलं बोलणं हललं नाही.

नागपूरचं इस्पितळ ज्या कायद्याखाली निघालं तो १८५८ चा छत्तिसावा कायदा. त्यात डॉक्टरपेक्षा मॅजिस्ट्रेट आणि पोलीस यांनाच जास्त काम होतं. रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसाने पकडायचा, मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा. इस्पितळ सांभाळायला सिव्हिल सर्जन. त्याच्याकडे जिल्ह्याचा दवाखाना असे आणि बहुधा तुरुंगही. म्हणजे हा गृहस्थ दिवसातून एखादी फेरी मारणार. उरलेले तेवीस तास रुग्णांबरोबर कोण असे? शिपाई, रखवालदार, आणि बायकांच्या बाजूला एखादी बाई. पुढे त्यांना अटेंडंट म्हणू लागले. दरवर्षीच्या अहवालात किती आले, किती बरे झाले, किती मेले, वेडाचं कारण काय, खर्च किती, हे सगळं तक्त्यांत असे. अटेंडंट आस्थापनेच्या खर्चात असत. त्यांनी रात्री काय केलं याला रकाना नव्हता.

कारणाच्या रकान्याची मात्र एक गोष्ट आहे आणि ती सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत 'कारण: गांजा' असं इतक्या लोकांपुढे लिहिलेलं असे, की १८९३ साली सरकारने गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला. आयोगाने १८९२ साली भरती झालेल्यांची प्रकरणं एकेक करून पुन्हा तपासली. तेव्हा कळलं, की हे कारण बहुतेकदा डॉक्टरने ठरवलेलंच नव्हतं. माणसाला आणून सोडणाऱ्या पोलिसाबरोबर जो कागद येई, त्यात जे लिहिलेलं असे तेच नोंदवहीत उतरे, आणि नोंदवहीतून अहवालात. पकडणाऱ्या शिपायाचा अंदाज असा साम्राज्याची आकडेवारी होऊन बसला होता. मला यात गंमत वाटते ती ही, की सगळ्यात खालच्या माणसाचा शब्द वर पोचला तो फक्त त्याचं नाव त्यावरून पुसलं गेलं म्हणून.

खालच्या माणसाचं नाव पुसलं जाण्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पॅरिसची आहे. वेड्यांच्या साखळ्या काढणारे डॉक्टर फिलीप पिनेल, हे आपण शाळेच्या पुस्तकांपासून ऐकतो. १८७६ साली तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराने काढलेलं चित्र जगभर छापलं जातं: मधे पिनेल उभे, एका तरुण स्त्रीच्या कमरेची साखळी सोडली जाते आहे. बारकाईने पाहिलं तर साखळी पिनेल सोडत नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून दुसराच माणूस सोडतो आहे. इतिहासात तर त्याच्याही पुढची गोष्ट आहे. बिसेत्र या पुरुषांच्या इस्पितळात १७९७ साली बेड्या काढल्या त्या झां-बातिस्त प्यूसँ याने, आणि तेव्हा पिनेल तिथून बदलून गेलेले होते. प्यूसँ डॉक्टर नव्हता. तो गंडमाळेचा रुग्ण म्हणून त्याच इस्पितळात आला होता, बरा झाल्यावर तिथेच नोकरीला राहिला आणि वॉर्डाचा प्रमुख झाला. बायको मार्गरीत हीसुद्धा त्याच कामात. नोकर निवडताना प्यूसँ बरे झालेले रुग्ण घेई, कारण ते सहसा मारहाण करत नसत. पिनेलनी हे सगळं आपल्या लिखाणात मोकळेपणाने कबूल केलं आहे आणि त्याच्याकडून शिकल्याचंही म्हटलं आहे. पुसून टाकण्याचं काम नंतरच्या लोकांनी केलं. आज ज्याला मानसोपचार परिचर्या म्हणतात तिचा पहिला माणूस शोधायचा तर तो हा प्यूसँ, असं मला वाटतं.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी इंग्लंडमध्ये लिंकन गावच्या इस्पितळात रॉबर्ट गार्डिनर हिल नावाच्या तरुण सर्जनने बांधून ठेवणं पूर्ण बंद करून दाखवलं. १८३८ साली दिलेल्या व्याख्यानात त्याने आपलं म्हणणं मांडलं. इमारत नीट असेल आणि योग्य अटेंडंट पुरेशा संख्येने असतील तर बांधण्याची गरज कधीच पडत नाही, असं ते होतं. या वाक्यातली दया लोकांच्या लक्षात राहिली, अट मागे पडली. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जॉन कॉनली आले. तिथे आठशेहून जास्त रुग्ण होते. कॉनलींनीही पट्टे आणि खुर्च्या अडगळीत टाकल्या आणि अटेंडंट किती, कसे आणि किती पगारावर, याचा आग्रह धरला. हिलला विरोधामुळे पुढे नोकरी सोडावी लागली. पण मूळ मुद्दा तेव्हाच सांगून झाला होता: रात्री बांधावं की नाही, हा प्रश्न वरून नीतीचा दिसतो, आणि त्याचं निम्मं उत्तर हजेरीपटावर असतं.

आपल्याकडे हा मुद्दा यायला फार वेळ लागला. १९१२ साली नवा कायदा आला, १९२० च्या सुमारास पाट्या बदलून 'मेंटल हॉस्पिटल' झाल्या. इमारती त्याच राहिल्या. स्वातंत्र्याच्या तोंडावर भोर समितीसाठी रांचीच्या युरोपियन मेंटल हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल मूर टेलर देशातली मनोरुग्णालयं बघून आले आणि त्यांनी लिहिलं, की बहुतेक इमारती उपचारासाठी नसून माणूस पळून जाऊ नये यासाठी बांधलेल्या आहेत. शिकलेल्या परिचारिका तर जवळपास नव्हत्याच. मानसोपचार परिचर्येचं नियमित पदविका शिक्षण सुरू झालं ते पन्नासच्या दशकात बंगळूरला, आज ज्याला निम्हान्स म्हणतात तिथे. त्याच सुमारास अमेरिकेत हिल्डगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेचं पुस्तक निघालं, १९५२ साली. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे, असं ते सांगत होतं. हस्तलिखित तयार होऊन चार वर्षं झाली होती. एका परिचारिकेने एकटीने, सोबत डॉक्टरचं नाव न लावता असं पुस्तक लिहावं, हे प्रकाशकांच्या पचनी पडत नव्हतं.

मराठीत तर ती अडचणही आली नाही, कारण असं हस्तलिखितच कोणी नेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. येरवड्याविषयी मराठी वाचकाला बरंच ठाऊक आहे. डॉ. अनिता अवचट त्या इस्पितळात काम करत होत्या आणि १९८६ साली मुक्तांगण तिथल्याच आवारात सुरू झालं, हे अनेकांना तोंडपाठ असतं. डॉक्टरांनी लिहिलं, पत्रकारांनी लिहिलं, आता रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही लिहितात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार इस्पितळांत मिळून साडेपाच हजारांहून जास्त खाटा आहेत. त्या खाटांच्या मधून शंभर-सव्वाशे वर्षं रात्री फिरणाऱ्या सिस्टरचं, ब्रदरचं, मावशी-मामांचं पुस्तक मला सापडलं नाही.

कायद्याकडे येते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला अपमानाने किंवा क्रूरपणे वागवू नये असं म्हटलं होतं. अंमल सुरू व्हायला १९९३ उजाडलं. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. झोपडी पेटली तेव्हा आतली माणसं साखळीने बांधलेली होती. अठ्ठावीस जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आदेश निघाले. साखळीवर मात्र स्पष्ट बंदी आली ती २०१७ च्या कायद्यात. त्याच्या ९५ व्या कलमात लिहिलं आहे, की मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायचं नाही. हा कायदा घडवण्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा केंद्राचा वाटा मोठा आहे, आणि भारतातल्या कायद्यांच्या मानाने त्याची भाषा बरीच माणुसकीची आहे.

माझी पुस्तिका मुख्यतः त्याच्या ९७ व्या कलमावर होती. कोंडून ठेवणं पूर्ण बंद. बांधून ठेवणं फक्त तेव्हाच, जेव्हा त्या माणसाला किंवा इतरांना होणारी तातडीची इजा टाळण्याचा उपलब्ध असा तो एकमेव मार्ग असेल, आणि उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने त्याला परवानगी दिली असेल. गरजेहून एक क्षणही जास्त नाही. पद्धत, कारण आणि वेळ यांची लगेच नोंद करायची. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून किंवा जरब बसावी म्हणून कधीच नाही. आणि मग असं, की केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणावरून इस्पितळाने बांधण्याचा वापर करू नये. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लिंकनचा हिल आठवला. त्याची मागे पडलेली अट पावणेदोनशे वर्षांनी भारताच्या कायद्यात येऊन बसली होती.

पण अनुवाद करताना वाक्य हळू वाचावं लागतं, आणि हळू वाचलं की त्याचे सांधे दिसतात. 'केवळ' कर्मचारी कमी म्हणून बांधायचं नाही. म्हणजे कर्मचारी कमी आणि शिवाय डोकं आपटते आहे, अशी दोन कारणं असली तर? आणि 'उपलब्ध' एकमेव मार्ग. दोन वाजता चाळीस बायकांमागे एक सिस्टर असेल तर तिच्यापाशी उपलब्ध काय असतं? दुसरा मार्ग म्हणजे शेजारी बसून राहणं. त्यासाठी एक माणूस मोकळं लागतं. ते नाही, म्हणून तो मार्ग उपलब्ध नाही, म्हणून बांधणं हाच एकमेव मार्ग. एका पोटकलमाने बंद केलेलं दार दुसऱ्यातून असं किलकिलं राहतं. आणि या सबंध कलमात परिचारिका हा शब्द नाही. परवानगी तज्ज्ञाची, जबाबदारी इस्पितळाच्या प्रमुखाची, देखरेख 'वैद्यकीय कर्मचाऱ्यांची'. गाठ मारणारीला कायद्याने नाव दिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या आकड्यांप्रमाणे भारतात लाख लोकांमागे या कामाची एक परिचारिकासुद्धा पुरी भरत नाही. त्यामुळे पुस्तिकेतला प्रसंग कोणी डोक्यातून काढला असेल असं मला वाटलं नाही.

मराठी मसुदा तपासायला संस्थेने एका निवृत्त सिस्टरकडे दिला होता. तीस वर्षं ही नोकरी केलेल्या. मी त्यांना भेटायला गेले ते त्या रिकाम्या तीन ओळींचं उत्तर विचारायलाच. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, पहिल्यांदा भिंत आणि डोकं यांच्यामध्ये उशी घाल, बाकीचं नंतर. मग खाली बसायचं, वर उभं राहून बोलायचं नाही. नावाने हाक मारायची. मोठा दिवा लावायचा नाही, बाकीच्या उठतात. वॉर्डात दोन-तीन जुन्या पेशंट असतात ज्यांना सगळं कळतं. त्यातल्या एकीला हळूच उठवून शेजारी बसवायचं. (इथे मला प्यूसँ आठवला, पण मी बोलले नाही.) बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात भर ओसरतो. मी विचारलं, आणि त्या अर्ध्या तासात बाकीच्या एकोणचाळीस? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, हाच तर निर्णय असतो ना. एकीजवळ बसायचं म्हणजे बाकीच्यांकडे पाठ करायची. एकदा त्या अशा बसलेल्या असताना पलीकडच्या टोकाला दुसरी एक पेशंट पडली आणि तिचं मनगट मोडलं. चौकशी झाली. चौकशीत विचारलं गेलं की तुम्ही तेव्हा कुठे होता. पहिली पेशंट बांधली गेली नाही, याची नोंद कुठेच नव्हती. न घडलेल्या गोष्टीची नोंद करायची कुठे? पुढच्या वेळी तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं. पुढच्या वेळी बांधलं, त्या म्हणाल्या. आणि त्याच्या पुढच्या वेळी नाही बांधलं. असं बघून बघून ठरवायचं असतं.

नीतिशास्त्राच्या पुस्तकांत स्वायत्तता, हित, न्याय असे खांब असतात. ते खोटे नाहीत. पण त्यांच्यातला डॉक्टर नेहमी एका रुग्णासमोर बसलेला असतो. परिचारिकेसमोर वॉर्ड असतो.

कर्मचारी कमी असले की प्रश्न कसा रूप बदलतो, याचं महाराष्ट्रातलं एक उदाहरण विसरता येत नाही. १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुली-बायकांची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे केलं गेलं. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. वाद तेव्हा हक्कांच्या भाषेत झाला आणि तो तसाच व्हायला हवा होता. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: महिन्यातून चार दिवस कपडा बदलायला मदत करणारे हात, हा ज्या प्रश्नाचा साधा विषय होता, त्याचं उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर शोधलं गेलं. रोजची सेवा वर्षानुवर्षं लागते. शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते.

परिचारिकांचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकदा ऐकलं. ती घटना मनोरुग्णालयातली नाही. मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग १९७३ पासून ज्या अवस्थेत होत्या त्यात त्यांचा उपचार थांबवावा का, हा प्रश्न २०११ साली न्यायालयापुढे होता. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, यावर न्यायालयाने म्हटलं की तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, कारण इतकी वर्षं सांभाळलं त्यांनी. त्या निर्णयाशी सहमत व्हावं की नाही यावर मी स्वतः आजही ठाम नाही. रुग्णाला सांभाळणारं माणूस रुग्णाच्या मनातलं बोलतं की स्वतःच्या, हे ठरवणं सोपं नसतं. पण रोज अंग पुसणाऱ्या हातांनाही काही समजलेलं असतं, हे तेव्हा मान्य झालं. केईएमच्या परिचारिका एकत्र होत्या आणि दिवसाउजेडी बोलल्या. मनोरुग्णालयातली सिस्टर एकटी असते, आणि रात्र असते.

हिंदी मसुद्याच्या वेळी आणखी एक शब्द आडवा आला. २०१७ च्या कायद्याचं हिंदी नाव 'मानसिक स्वास्थ्य देखरेख अधिनियम' असं आहे. हिंदीत देखरेख म्हणजे काळजी घेणंही. मराठीत देखरेख म्हणजे लक्ष ठेवणं. मुकादम ठेवतो ती. दोन्ही भाषांत एकाच दिवशी काम करताना मी तो शब्द एकदा मायेचा आणि एकदा पहाऱ्याचा वाचत होते. मराठीत मी शेवटी 'सांभाळ' वापरला. सरकारी कागदात तो शोभत नाही असा शेरा आला, तरी पुस्तिकेत राहू दिला. 'शारीरिक निर्बंध' मात्र निवृत्त सिस्टरांनी प्रत्येक ठिकाणी खोडून 'बांधून ठेवणे' केलं होतं. ते मी तसंच ठेवलं.

पुस्तिका छापून आली त्या पावसाळ्यात तात्यापाऱ्यातलं घर विकायला काढलं आणि आजीची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. त्यात नागपूरहून आलेलं एक पोस्टकार्ड होतं, साठच्या दशकातलं, काकीआजीच्या नवऱ्याच्या नावे. अक्षर वळणदार, मराठी थोडं अडखळणारं, बहुधा लिहिणारीची भाषा दुसरी असावी. मजकूर पाच-सहा ओळींचा. बाई आता शांत असतात, रात्री झोपतात, शिवणकाम करतात, धाकट्या मुलाची आठवण काढतात, कोणी भेटायला आलं तर बरं होईल, घरी नेण्याचं बघता येईल. अशी पत्रं घरी पाठवणं हे त्या बाईच्या कामात मोडत होतं का, तिने कोणाला विचारून लिहिलं होतं का, मला सांगता येणार नाही. खाली नाव नाही. फक्त 'सिस्टर, बायकांचा वॉर्ड' एवढंच.

कार्ड मधोमध दुमडलेलं होतं आणि घडीवर फाटत आलेलं, म्हणजे कोणीतरी ते पुष्कळदा उघडून वाचलेलं असणार. उत्तर गेलं नाही. काकीआजी नागपूरलाच राहिली आणि तिथेच १९७१ साली गेली. आजीने मला गाठीची गोष्ट किती वेळा सांगितली असेल, पण या कार्डाविषयी ती एका शब्दाने बोलली नव्हती.